गाडीचे तोंड आणि समोरचा माणूस

आमचा पोटापाण्याचा धंदा लोखंडाचा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीला लागून वीस बाय तीसची पत्र्याची शेड, तिच्यात आम्ही दोघे नवरा-बायको आणि एक मदतनीस, एवढा आमचा कारखाना. कारखाना हा शब्द जरा मोठाच आहे. पण बँकेच्या कागदावर तोच आहे, म्हणून आम्हीही तोच लिहितो. आमच्यापैकी एकाने आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड केला. दुसरीने लग्नानंतर शेडमध्येच ग्राइंडर धरायला शिकून घेतले आणि मापाची व हिशेबाची वही आपल्या ताब्यात घेतली. खिडक्यांचे ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड ही आमची रोजची भाजी-भाकरी. थोरली मुलगी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची फी, घराचा हप्ता, शेडचे भाडे हे सारे याच लोखंडातून निघते. हे आधीच सांगितले, कारण पुढच्या हकिकतीत पैशाचा प्रश्न येणार आहे, आणि तो येतो तेव्हा घर कशावर चालते हे वाचकांना माहीत असलेले बरे.

२०२४ च्या जून महिन्यात दिंडोरीकडचा एक तरुण द्राक्षबागायतदार आमच्याकडे आला. त्याच्या पॅकिंग शेडचे गेट आम्हीच केले होते. या वेळी काम वेगळे होते. त्याच्याकडे जुन्या पिढीची, २०१५ सालची थार आहे. पावसाळ्यात मित्रमंडळी मिळून खासगी माळावर, ओढ्या-नाल्यांतून, चिखलातून गाड्या चालवण्याचा त्यांना नाद. त्या गाडीचा पुढचा प्लॅस्टिकचा बंपर दगडाला लागून फुटला होता. त्याला लोखंडी हवा होता.

"काका, सहा एमएमच्या प्लेटचा करा. वर जाड पाइपचं गार्ड द्या. असा भक्कम, की कुणी धडकलंच तर समोरच्याचंच वाटोळं झालं पाहिजे," तो हसत म्हणाला.

तो मुलगा मनाने वाईट नाही. बागेतल्या मजुरांच्या मुलांना स्वतःच्या गाडीतून शाळेत सोडणारा आहे. पण बंपर म्हटला की बहुतेकांच्या तोंडून हेच वाक्य बाहेर पडते. आम्हीही तेव्हा हसलो आणि माप घ्यायला टेप काढला.

वाचकांपैकी अनेकांचा चारचाकीशी संबंध एसटीपुरता आणि रिक्षापुरता असेल; तेव्हा हा लोखंडी बंपर लागतो तरी कशाला, ते थोडे सांगतो. नेहमीच्या मोटारीला पुढे प्लॅस्टिकचे जे दिसते, ते नुसते झाकण असते. आजकालच्या बहुतेक मोटारींत त्यामागे फोम, फोममागे धातूची आडवी पट्टी आणि ती पट्टी धरणारे, धडक बसली की आपण होऊन चेपावेत म्हणूनच बनवलेले डबे असतात. डांबरी रस्त्यावर ही व्यवस्था चांगली. दगडधोंड्यांत मात्र खाली उतरलेले प्लॅस्टिक प्रत्येक चढावाला आधी टेकते आणि तुटते. शिवाय चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायची तर हुक कशात अडकवणार? म्हणून आडवाटेने जाणारे लोक आखूड, वर उचललेला, दोन्ही टोकांना निमुळता लोखंडी बंपर करून घेतात. तो असा कापावा लागतो, की चढाव आला की दगडाला चाक आधी लागेल, बंपर नाही.

वर पाइपचे गार्ड लावण्याची पद्धत रूढ झाली ती ऑस्ट्रेलियात. तेथे ओसाड मुलखात मैलोन्‌मैल वस्ती नाही, आणि रात्री कांगारू अचानक रस्त्यावर उडी घेतात. रेडिएटर फुटला तर माणूस पाण्यावाचून अडकून पडायचा. तेथे त्या गार्डला कारण होते. आपल्याकडे ते आले शोभा म्हणून. कांगारू मागे राहिला, गार्ड तेवढे आले.

काम हाती घेतल्यावर पहिला प्रश्न जाडीचा. लोखंडाचा एक सोपा हिशेब आहे, तो शाळेतल्या मुलांनीही पाठ करावा असा: एक चौरस मीटर पत्र्याला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो वजन. आमच्या बंपरला साधारण १.२ चौरस मीटर प्लेट लागणार होती. सहा एमएम घेतली तर नुसत्या अंगाचेच साडेछप्पन्न किलो. चार एमएम घेतली तर पावणेअडतीस. वर कानांचे आणि हुकांचे वजन वेगळे. हे सगळे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबते. बैलगाडीत माल जुवाकडे लोटला की बैलांच्या मानेवर काय येते, ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. गाडीचेही तसेच. नाक बसते, हेडलाइटचा झोत खाली पडतो, आणि चिखलात तेच नाक आधी रुतते.

आम्ही त्याला चाळीच्या छपराचा पन्हाळी पत्रा दाखवला. सपाट असता तर हाताने वाकला असता. पन्हाळ पडली म्हणून त्याच्यावर माणूस चढतो. ताकद नुसत्या जाडीत नसते, घडीत असते. चार एमएमची प्लेट, वर आणि खाली घडी, आतून तीन आडव्या पट्ट्या, असे ठरले. मुलगा नाखुशीनेच कबूल झाला. सहा हा आकडा त्याने मित्रांना आधीच सांगून ठेवला असावा.

मग पुठ्ठा. लोखंडाला हात लावण्याआधी आम्ही पूर्ण बंपर पुठ्ठ्याचा केला. किराणा दुकानातून आणलेली खोकी, कात्री आणि चिकटपट्टी. पुठ्ठा चुकला तर दोन रुपयांचे नुकसान. प्लेट चुकली तर दोन हजारांचे. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. ब्लाऊज आधी कागदावरच बेततात. या गाडीत आणखी एक मेख आहे. अशा गाडीची चासी वेगळी आणि वरचे अंग वेगळे. मध्ये रबराची बुडे असतात. खड्ड्यात गाडी पिळवटली की अंग हलते, चासीला बांधलेला बंपर तिच्याबरोबरच राहतो. म्हणून जाळी आणि बंपर यांच्यात बोटभर, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटरची फट ठेवावीच लागते. न ठेवली तर पहिल्याच ओढ्यात बंपर जाळीला घासतो.

बंपर चासीला जोडायचा कसा, यावर आमचा नियम ठाम आहे: चासीला एकही टाका मारायचा नाही. चासी म्हणजे गाडीचा कणा. तिच्यावर वेल्डिंगची उष्णता पडली की त्या जागचे लोखंड पूर्वीचे राहत नाही. जुना बंपर ज्या भोकांत बसलेला होता, त्याच भोकांत आम्ही दहा एमएमच्या प्लेटचे कान बसवले. एकूण आठ बोल्ट, बारा एमएम जाडीचे, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले. हा आकडा बोल्ट घेताना प्रत्येकाने पाहावा. त्यातला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ताण सोसून मग तुटणारे पोलाद. बिनआकड्याचा बोल्ट पाच-सात रुपयांनी स्वस्त मिळतो, पण तो कशाचा आहे ते कोणीच सांगू शकत नाही.

ओढायच्या हुकाची जागा ही सगळ्यांत जोखमीची. रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना दोराला जो हिसका बसतो, त्यात कच्चा हुक तुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. म्हणून हुकाची प्लेट बंपरच्या पत्र्यावर नुसती चिकटवायची नसते. आम्ही बंपरच्या तोंडाला खाच पाडली, दहा एमएमची प्लेट त्या खाचेतून आरपार मागे नेऊन थेट चासीच्या कानाला भिडवली आणि दोन्ही अंगांनी वेल्ड केली. ओढ येईल ती चासीवर येईल, पत्र्यावर नाही. तिच्यात पाऊण इंची शॅकल बसते. अशा शॅकलवर पावणेपाच टन ही क्षमता उठवलेली असते. ज्या शॅकलवर आकडा नाही ती घेऊ नये. ओढताना दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकून ठेवावे, म्हणजे दोर तुटला तर त्याची उसळी कमी होते, आणि बघ्यांनी दोराच्या दुप्पट अंतरावर उभे राहावे, हे आम्ही त्या मुलाला कागदावर लिहून दिले.

मग टाके. जाणता वेल्डर सलग वेल्डिंग कधीच सुरू करत नाही. आधी बोटभर अंतरावर टाके मारायचे, गाडीवर चढवून पाहायचे, गुण्या लावायचा, मगच पक्के करायचे. पक्के करतानाही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचे नाही. दोन इंच डावीकडे, दोन इंच उजवीकडे, मध्ये थांबून गार होऊ द्यायचे. नाहीतर उष्णतेने प्लेट पापडासारखी वळते. हुकाच्या जोडासाठी आम्ही ७०१८ जातीचा रॉड वापरला. तो कोरडा लागतो. पावसाळी हवेत ओलावा धरला तर जोडात बारीक तडा जाऊ शकतो. त्या दिवसांत बाहेर संततधार होती, तेव्हा रॉड भट्टीत तापवून गरम गरमच काढत होतो.

टाक्यांवर असलेला बंपर गाडीला चढवला तो रविवार होता. वरच्या गार्डचा पाइपही तात्पुरता टाकून ठेवला होता. घरची मंडळी जेवणाचा डबा घेऊन शेडवर आली. आमचा सहा वर्षांचा पुतण्या धावत जाऊन गाडीसमोर उभा राहिला आणि "माझा फोटो काढा" म्हणाला. कन्येने मोबाइल वर धरला, आणि मग खाली घेतला.

"पप्पा, आई, इकडे या. इथून बघा जरा."

आम्ही तिच्या जागी जाऊन उभे राहिलो. बंपरची वरची कड जमिनीपासून ७८ सेंटिमीटर. ती बरोबर त्या पोराच्या छातीशी होती. गार्डचा पाइप १०८ सेंटिमीटरवर. तो त्याच्या कपाळाशी. पोर दात काढून हसत होते. त्याच्या मागे चार एमएमचे पोलाद, डोक्यामागे दोन इंची पाइप. माप आम्हीच घेतले होते, वहीत आम्हीच लिहिले होते. पण वहीत ते ७८ आणि १०८ होते. येथे ते छाती आणि कपाळ झाले.

त्या रात्री जेवणानंतर मुलीने पुस्तक उघडले आणि आम्हाला हिशेब करून दाखवला. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आपटली. तिचे नाक अर्धा मीटर चेपत चेपत थांबली, तर आत बसलेल्यावर त्याच्या वजनाच्या साडेबारा पट भार येतो. साठ किलोच्या माणसावर सुमारे साडेसातशे किलो. पट्टा बांधलेला असेल तर माणूस यातून वाचू शकतो. तेच नाक इतके कडक केले की दहा सेंटिमीटरातच थांबले, तर भार त्रेसष्ट पट. म्हणजे पावणेचार हजार किलो. हा सरळ, ढोबळ हिशेब आहे. खऱ्या धडकेत आणखी पुष्कळ गोष्टी असतात. पण मुद्दा समजायला पुरेसा आहे. गाडीला काही झाले नाही, हे ऐकून आपण खूश होतो; पण गाडीला झाले नाही म्हणजे ते कोणाला तरी झाले. ते आतल्या माणसाला होते, नाहीतर समोरच्याला होते. समोर पायी चालणारा असला तर तो फोमही नाही, चेपणारा डबाही नाही. त्याला स्वतःच्या हाडांनीच थांबावे लागते.

आणि पायी चालणारे थोडे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. आमच्या शेडसमोरच्या रस्त्याने रोज पाळी सुटल्यावर शेकडो कामगार घरी जातात. पदपथ नाही. डबा काखेत, डोक्यावर ओढणी किंवा रुमाल, कडेकडेने चालत. आमची मुलगी बसथांब्यापर्यंत त्यांतलीच एक असते. गाडीत बसणाऱ्यांच्या बाजूने विचार करणारे पुष्कळ आहेत. आमचे सगळे गणगोत मात्र गाडीच्या पुढे, रस्त्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले. पुतण्याचा फोटो दाखवला. फार बोललो नाही. तो बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिला.

"काकू, हा पाइप काढा," तो म्हणाला. "माळावर तसंही कोण धडकतंय मला."

पाइप निघाला. टाक्यांवर होता, म्हणून दहा मिनिटांत निघाला. कडा ज्या धारदार होत्या त्या गोल केल्या. आणि कायद्याची गोष्टही त्याच बैठकीत उलगडून सांगितली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मालकाने मनाला येईल तशी बदलता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही, असा निकाल दिला. तेव्हा हा बंपर माळावरचा. सार्वजनिक रस्त्यावर कंपनीचाच नवा बंपर बसवून जायचे, लोखंडी बंपर बागेच्या पिकअपमधून न्यायचा आणि माळावर पोचल्यावर चढवायचा. आठ बोल्ट, दोन माणसे, अर्धा तास. म्हणूनच तर आम्ही तो बोल्टवर ठेवला होता. त्याने हे मान्य केले तेव्हाच आम्ही पक्के वेल्डिंग केले. रेड ऑक्साइडचा हात दिला, वर काळा रंग. लोखंडाच्या व्यापाऱ्याकडच्या काट्यावर वजन भरले ४६ किलो.

जुलैमध्ये त्याने माळावरून निरोप दिला. चाके पूर्ण रुतलेली एक गाडी त्याने बाहेर काढली, हुक जागचा हलला नाही, एक टाकाही उकलला नाही. आम्हाला बरे वाटले. हाताने केलेली वस्तू कामाला आली की कारागिराला जे वाटते, ते मजुरीत मोजता येत नाही.

खरी कसोटी पुढे होती. त्या बंपरचे फोटो फिरले आणि पंधरा दिवसांत सहा जण शेडवर आले. कोणी प्लॉटचे व्यवहार करणारे, कोणी नुकतीच नवी गाडी घेतलेले. एकाचीही गाडी माळावर जाणारी नव्हती. सगळ्यांना शहरात मिरवायला गार्ड हवे होते, वर पाइपसकट. त्यांच्यातल्या चौघांच्या गाड्या एअरबॅगच्या. अशा गाडीच्या पुढच्या भागात धडक ओळखणारे सेन्सर असतात. किती धक्क्याला, किती वेळात फुगा उघडायचा, हे कंपनीने त्या चेपणाऱ्या नाकाचा हिशेब धरून ठरवलेले असते. पुढे कडक लोखंड बांधले की तो हिशेब बिघडतो. फुगा उशिरा उघडेल, किंवा उघडणारच नाही.

एकेका कामात सात-आठ हजार सुटले असते. सहा कामांचे चाळीस-पंचेचाळीस हजार. पावसाळ्यात बांधकामे थांबतात, ग्रिलची कामे आटतात. आणि ऑगस्टमध्ये फीची तारीख होती. आमच्या दोघांत दोन दिवस वाद चालला, तो खोटा कशाला सांगू? एकाचे म्हणणे, आपण नाही केले तर पुढच्या गल्लीतला करील. रस्त्यावर गार्ड येणारच, फक्त पैसे त्याच्या घरात जातील. दुसरीचे म्हणणे, तो करील ते त्याच्या हाताने करील. आपल्या हाताने केलेल्या पाइपची उंची आपल्याला माहीत आहे. पहिल्याने विचारले, फी कोठून भरायची? दुसरीने वही उघडली, घरमालकाकडे शेडच्या भाड्यासाठी एक महिन्याची मुदत मागायची, फी दोन हप्त्यांत भरायची, असे मांडून दाखवले. या वादात मुलगी एक शब्दही बोलली नाही. तिच्याच फीची गोष्ट होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "हप्ते चालतात कॉलेजात, मी विचारून आलेय."

सहाही जणांना आम्ही नाही म्हणून सांगितले. कारण सांगितले, कलम सांगितले, मुलीचा हिशेब दाखवला. दोघांना पटले. एक गृहस्थ चिडले: "तुमचं काम लोखंड जोडायचं. शहाणपण शिकवायचं नाही." हे वाक्य आम्ही बाजूला टाकले नाही, त्यावर विचार केला. पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम करणाऱ्याला हेच सांगितले गेले आहे: तू हात चालव, डोके आम्ही चालवू. पण वेल्डिंगच्या काचेमागचा डोळा हा आंधळा डोळा नव्हे. जोड कोठे धरेल, कोठे तुटेल, तुटला तर कोणावर पडेल, हे ज्याला कळते त्यालाच कारागीर म्हणतात. ज्याला हे कळत नाही त्याच्याकडे घराचा जिनाही करायला देऊ नये.

उरलेल्या तिघांनी दुसरीकडून गार्ड लावून घेतले असेल. असेलच. रस्त्यावर अशा गाड्या आम्हाला दिसतात. आमच्या नकाराने जग बदलले, असा आमचा दावा नाही. ऑगस्ट-सप्टेंबर ओढाताणीचे गेले. फी दोन हप्त्यांत गेली, शेडचे भाडे महिनाभर थकले. दिवाळीपूर्वी ग्रिलची कामे परत सुरू झाली आणि थकलेले भाडे फिटले. मुलीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला विषय घेतला तो धडकेत चेपणाऱ्या डब्यांचा. पत्र्याचे लहान डबे करून देण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले, आणि त्याची मजुरी तिने अजून दिलेली नाही.

आमच्या वाचकांत आता चारचाकी घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचा आनंदच आहे. जुनी गाडी घेतली असेल आणि तिला आधीच्या मालकाने पुढे पाइपचे गार्ड बसवलेले असेल, तर ते काढून टाका. बहुतेक वेळा चार-सहा बोल्टचे काम असते. भंगारात त्याचे पैसेही येतात. खरोखर आडवाटेची गाडी असेल आणि लोखंडी बंपर हवाच असेल, तर बनवणाऱ्याला चार गोष्टी विचारा: चासीला वेल्ड करणार की बोल्टने बांधणार? बोल्टवर आकडा आहे का? हुकाची ओढ चासीवर जाते की पत्र्यावर? रस्त्यावर उतरताना तो काढता येईल का? चारांची उत्तरे सरळ मिळाली तरच पुढे जा.

आणि पाचवी गोष्ट बनवणाऱ्याला विचारायची नाही. ती घरच्या घरी करून पाहायची. घरातले लहान मूल, आजी, जो कोणी असेल त्याला थांबलेल्या गाडीपुढे उभे करा, चार पावले मागे सरा आणि पाहा, गाडीची कड त्याच्या अंगाला कोठे येते. आमच्या शेडमध्ये आता तशी सोयच आहे. दाराच्या खांबावर आम्ही रंगाने दोन रेघा मारल्या आहेत, ७८ आणि १०८. कोणी गार्ड करून मागायला आला की आम्ही त्याला विचारतो, तुमच्या घरात सगळ्यांत लहान कोण? आणि त्याची उंची किती?